अमेरिकेचे गव्हर्नर १७७६ पासून जनतेने निवडले? नाही हो, तसं नव्हतं!

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मागच्या रविवारच्या पुरवणीत अमेरिकेतल्या राज्यांच्या कारभारावर जो लेख आला होता तो आवडला, हे आधीच सांगून टाकतो कारण पेपरला पत्र लिहिणारा माणूस म्हणजे चुका काढायला बसलेला असा आपल्याकडे समज आहे (आणि माझ्या घरातही आहे). पण त्या लेखात एक वाक्य होतं की १७७६ पासून तिथल्या प्रत्येक राज्याचा राज्यपाल थेट जनताच निवडत आली आहे. हे वाक्य दोन ठिकाणी लंगडतं. एक तर 'राज्यपाल' हा शब्द आणि दुसरं म्हणजे 'प्रत्येक राज्याचा' आणि 'जनताच'. खरी परिस्थिती बरोब्बर उलटी होती, सुरुवातीला बहुतेक राज्यांत गव्हर्नर लोकांनी निवडलेलाच नव्हता!

शब्दाचं आधी उरकतो. आपल्याकडे राज्यपाल म्हटलं की मलबार हिलवरचा समुद्राकाठचा बंगला आठवतो, दिल्लीहून नेमलेले, शपथा देणारे, दीक्षांत समारंभात भाषण करणारे. अमेरिकेतला गव्हर्नर म्हणजे आपल्या मुख्यमंत्र्याच्या जवळचा माणूस, बजेट मांडतो, बिलावर सही करतो किंवा व्हेटो मारतो, निवडणूक हरला तर घरी जातो. रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरला आपण राज्यपाल म्हणत नाही ना, मग इथे पण सरळ गव्हर्नरच लिहा की, सगळ्यांना कळतं.

आता मुख्य मुद्दा. मुलगी न्यू जर्सीत असते, तिच्याकडे चार महिने राहून आलो. तिच्या घरापासून थोड्या अंतरावर लिव्हिंग्स्टन नावाचं गाव आहे, आपली मंडळी तिथे भरपूर, मंगळसूत्रं आणि स्वेटर एकत्र बघायला मिळतात. मी सहज विचारलं हे लिव्हिंग्स्टन कोण, आफ्रिकेतला तो धबधबेवाला का, तर नाही, हा विल्यम लिव्हिंग्स्टन, स्वतंत्र न्यू जर्सीचा पहिला गव्हर्नर. १७७६ पासून १७९० पर्यंत, म्हणजे मरेपर्यंत हा गव्हर्नर होता आणि या १४ वर्षांत एकदाही, एकदाही जनतेने त्याला मत दिलेलं नाही, कारण तिथे जनतेला ते मत नव्हतंच. दरवर्षी विधिमंडळाची दोन्ही सभागृहं एकत्र बसायची आणि पुढच्या वर्षासाठी गव्हर्नर ठरवायची. तिथून मला या विषयाचा नाद लागला आणि मुलीच्या गावच्या लायब्ररीत माझे बरेच दिवस गेले, जावई म्हणाले बाबांना एवढं करून नायगारा पण दाखवला असता.

तर हे असं का केलं त्यांनी? राजाविरुद्ध लढले, लोकांचं राज्य म्हणाले, आणि मग गव्हर्नर निवडायचा हक्क लोकांनाच का नाही दिला? याचं कारण आधीच्या गव्हर्नरांमध्ये आहे. इंग्रजांच्या काळात बहुतेक वसाहतींत गव्हर्नर राजा नेमायचा, पेनसिल्व्हेनिया, मेरीलँड, डेलावेअर इथे तर ज्या घराण्याच्या नावावर वसाहत होती ते घराणं नेमायचं, म्हणजे जहागीरदाराने कारभारी नेमावा तसं. या गव्हर्नरांना कुठलाही कायदा अडवता यायचा, बहुतेक ठिकाणी असेम्ब्लीही बरखास्त करता यायची. व्हर्जिनियाच्या डनमोरने १७७४ ला असेम्ब्ली बरखास्त केली तर मेंबर लोक उठून जवळच्या रॅली टॅव्हर्न नावाच्या खानावळीत जाऊन बसले आणि तिथे मीटिंग घेतली. न्यू जर्सीचा राजाने नेमलेला शेवटचा गव्हर्नर कोण होता माहितीय? विल्यम फ्रँकलिन, म्हणजे बेंजामिन फ्रँकलिनचा सख्खा मुलगा! बाप इकडे स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करतोय आणि पोरगा राजाशी इमान राखून बसलाय, त्याला १७७६ ला अटक झाली, बाप-लेकांचं पुढे कधी नीट जमलं नाही. असे अनुभव घेतलेल्या लोकांना गव्हर्नर हा शब्द ऐकला तरी अंगावर काटा यायचा, म्हणून त्यांनी ठरवलं की हा प्राणी ठेवायचा असेल तर दोरी विधिमंडळाच्या हातात हवी आणि दोरी आखूड हवी.

आखूड म्हणजे किती? व्हर्जिनियात एक वर्षाची टर्म, सलग तीनदा मिळू शकते मग चार वर्षं घरी. नॉर्थ कॅरोलिनात सहा वर्षांत तीनच वर्षं. जॉर्जियात एक वर्ष, मग दोन वर्षं सुट्टी. व्हेटो बहुतेक ठिकाणी काढूनच घेतला, वर आठ-दहा जणांचं एक कौन्सिल बसवलं, त्यांना विचारल्याशिवाय काही करायचं नाही. नॉर्थ कॅरोलिनाचे विल्यम हूपर, जाहीरनाम्यावर सह्या करणाऱ्यांतले एक, त्यांचा एक किस्सा सांगतात की त्यांना कोणीतरी विचारलं तुमच्या नव्या घटनेत गव्हर्नरला अधिकार काय दिलेत, तर ते म्हणाले स्वतःच्या पगाराच्या पावतीवर सही करण्याचा. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या मॅडिसनने १७८७ ला फिलाडेल्फियात देशाच्या घटना परिषदेत जवळपास हेच गंभीरपणे सांगितलं होतं, की राज्यांचे हे कार्यकारी प्रमुख म्हणजे नुसती शून्यं झालीत आणि विधिमंडळं सर्वशक्तिमान.

काही राज्यांनी तर नावच बदललं. पेनसिल्व्हेनिया, डेलावेअर, साउथ कॅरोलिना, न्यू हॅम्पशायर इथे राज्याच्या प्रमुखाला काही वर्षं 'प्रेसिडेंट' म्हणत, म्हणजे देशाला प्रेसिडेंट मिळायच्या आधी राज्यांना होते. पेनसिल्व्हेनियाने १७७६ ला गव्हर्नर हे पदच ठेवलं नाही, १२ जणांचं कौन्सिल आणि त्यातला एक अध्यक्ष, त्याला असेम्ब्ली आणि कौन्सिल मिळून दरवर्षी निवडणार. फ्रँकलिन म्हातारपणी १७८५ पासून तीन वर्षं त्या खुर्चीत होता. तिथे १७९० ला नवी घटना आली, लोकांनी निवडायचा गव्हर्नर आला आणि थॉमस मिफ्लिन मोठ्या फरकाने निवडून आला.

विधिमंडळात ही निवड कशी व्हायची ते बघण्यासारखं आहे. व्हर्जिनियात जून १७७६ मध्ये पॅट्रिक हेन्रीला ६० मतं, थॉमस नेल्सन सीनियरला ४५ आणि जॉन पेजला एक. बस, संपली निवडणूक, प्रचार नाही, सभा नाही, एका खोलीत शंभराच्या आसपास माणसं आणि गव्हर्नर तयार. १७७९ ला हेन्रीची तीन वर्षं भरली तेव्हा स्वातंत्र्याचा जाहीरनामा लिहिणारा थॉमस जेफरसन आणि जॉन पेज समोरासमोर, दोघं कॉलेजपासूनचे जिगरी दोस्त. पहिल्या फेरीत कोणाला बहुमत नाही, दुसऱ्या फेरीत जेफरसन ६७ आणि पेज ६१. नंतर दोघांनी एकमेकांना पत्रं लिहिली की मनात काही ठेवू नको हं. आपल्या सोसायटीच्या चेअरमनच्या निवडणुकीनंतर पण एवढा समजूतदारपणा दिसत नाही.

पण या पद्धतीचा फटका काय बसतो ते जेफरसनलाच १७८१ मध्ये कळलं. लढाई चालू, इंग्रज फौजा व्हर्जिनियात घुसलेल्या, विधिमंडळ रिचमंड सोडून शार्लट्सव्हिलला आलेलं, आणि २ जूनला जेफरसनची टर्म संपते! नवा गव्हर्नर निवडायचा तर मेंबर जमायला हवेत, आणि ४ जूनला इंग्रज अधिकारी टार्लटनची घोडदळ तुकडी गावात येऊन धडकली, जॅक जुएट नावाच्या माणसाने रात्रभर घोडा पळवून आधी खबर दिली म्हणून बरेच जण निसटले, जेफरसन माँटिसेलोहून निघाला, विधिमंडळ डोंगरापलीकडे स्टॉन्टनला पळालं. १२ जूनला जाऊन थॉमस नेल्सन ज्युनियरला निवडलं, तोपर्यंत ऐन युद्धात दहा दिवस व्हर्जिनियाला निवडलेला गव्हर्नर नव्हता. वर जेफरसनच्या वागण्याची चौकशी लावली, डिसेंबरमध्ये आभाराचा ठराव करून ती मिटवली खरी पण ते त्याच्या मनाला आयुष्यभर लागून राहिलं. विधिमंडळाच्या हातात सगळं देण्याबद्दल त्याने पुढे जे कडक लिहिलंय, की १७३ जुलमी माणसं एका जुलमी माणसाइतकीच वाईट, त्याच्या मागे हे दिवस असणार असं मला वाटतं.

आता जिथे लोक निवडत होते तिथलं. कनेक्टिकट आणि ऱ्होड आयलंड या दोन छोट्या वसाहतींना १६६२ आणि १६६३ च्या सनदांमुळे आपला गव्हर्नर दरवर्षी स्वतः निवडायची मुभा इंग्रजांच्या काळापासूनच होती, त्यामुळे १७७६ ला त्यांनी काही बदललंच नाही, राजाचं नाव खोडलं आणि कारभार चालू. कनेक्टिकटचा जोनाथन ट्रंबुल तर राजाच्या काळातही गव्हर्नर आणि क्रांतीनंतरही तोच, १७६९ ते १७८४, माणूस तोच खुर्ची तीच फक्त साहेब गेले. नव्याने थेट निवडणूक आणली ती न्यूयॉर्कने १७७७ ला, मग मॅसॅच्युसेट्सने १७८० ला आणि न्यू हॅम्पशायरने १७८४ ला. व्हरमाँटने पण आणली होती पण ते तेव्हा यांच्यात नव्हतं, स्वतःचं वेगळं संस्थान काढून बसलं होतं, १७९१ ला आलं. म्हणजे हिशेब करा, १३ पैकी सात राज्यांत विधिमंडळ गव्हर्नर निवडत होतं आणि पेनसिल्व्हेनियाचं जवळपास तसंच. मग प्रत्येक राज्य कुठून आलं?

आणि लोक म्हणजे तरी कोण. न्यूयॉर्कमध्ये गव्हर्नरला मत द्यायचं तर १०० पौंडांची स्वतःची जमीन लागायची, असेम्ब्लीला २० पौंडांची चालायची, म्हणजे एकाच घरातला माणूस आमदार निवडायला लायक पण गव्हर्नर निवडायला नालायक. मॅसॅच्युसेट्समध्ये गव्हर्नर व्हायला १००० पौंडांची जमीन हवी आणि ख्रिश्चन असल्याचं जाहीर करायला हवं. गुलामांचा तर प्रश्नच नाही. बायकांना कुठेच नाही, अपवाद आमच्या मुलीचं न्यू जर्सी, तिथे ५० पौंडांची मालमत्ता असलेल्या अविवाहित किंवा विधवा बायका १८०७ पर्यंत खरोखर मत देत होत्या, पण गंमत बघा, तिथे गव्हर्नर विधिमंडळ निवडायचं म्हणून त्यांनाही गव्हर्नरसाठी थेट मत कधी मिळालं नाही, आणि १८०७ ला तर कायदा करून तो हक्कच काढून घेतला.

न्यूयॉर्कचा पहिला गव्हर्नर जॉर्ज क्लिंटन, जमीनदार घराण्यातले फिलिप स्कायलर यांना हरवून आला, स्कायलरने तेव्हा लिहिलं की याचं घराणं आणि नातीगोती बघता याला एवढं मोठं पद मिळायचं काही कारण नव्हतं. ते वाचून मला फारच घरच्यासारखं वाटलं. पण हा क्लिंटन एकदा बसला तो १७७७ ते १७९५ उठलाच नाही, परत १८०१ ला आला, सगळी मिळून २१ वर्षं. त्यातली १७९२ ची निवडणूक म्हणजे कळस. समोर जॉन जे, जो त्या वेळी चक्क अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाचा सरन्यायाधीश होता! सरन्यायाधीश राहून गव्हर्नरची निवडणूक लढवतोय आणि कोणाला त्यात फार गैर वाटत नाहीय, आज कल्पना करून बघा.

मतपेट्या मोजायला विधिमंडळाची एक कमिटी होती आणि तिच्यात क्लिंटनवाले जास्त. ओट्सेगो नावाचा काउंटी (म्हणजे जिल्हाच), तिथे जे साहेबांचा जोर. तिथल्या शेरीफची मुदत संपलेली, नव्याने अजून चार्ज घेतलेला नाही, जुन्यानेच मतपेटी पुढे पाठवली. कमिटी म्हणाली हा माणूस आता शेरीफच नाही, सबब ओट्सेगोची सगळी मतं बाद. टायोगा काउंटीत मतपेटी घेऊन निघालेला माणूस वाटेत आजारी पडला, त्याने ती दुसऱ्याच्या हाती दिली, तीही बाद. आणि एक तिसरा काउंटी बाद, त्याचं नाव क्लिंटन काउंटी, याच गव्हर्नरच्या नावाचा, तो पण गेला. मग बेरीज केली तर जॉर्ज क्लिंटन ८४४० आणि जॉन जे ८३३२, फरक १०८ मतांचा! बाद केलेली मतं जाळून टाकली. लोक खवळले, जेच्या लोकांनी मोर्चे-सभा केल्या, काहींनी तर उठाव करायच्या गोष्टी केल्या, पण जेने स्वतः सांगितलं की शांत राहा. तीन वर्षांनी त्याला न्याय कसा मिळाला ते आणखी मजेशीर आहे. १७९५ ला तो इंग्लंडशी तह करायला लंडनला गेलेला होता, इकडे निवडणूक झाली, हा हजर नाही, एक सभा नाही, तरी निवडून आला, बोटीतून उतरला तो गव्हर्नर होऊनच, मग सरन्यायाधीशपदाचा राजीनामा दिला. म्हणजे सरन्यायाधीशापेक्षा न्यूयॉर्कचं गव्हर्नरपद त्याला मोठं वाटलं.

याच पदासाठी १८०४ ला एरन बर उभा राहिला, तो तेव्हा देशाचा उपराष्ट्राध्यक्ष, आणि पडला. त्या प्रचारात अलेक्झांडर हॅमिल्टन, म्हणजे देशाचा पहिला अर्थमंत्री, आपल्याबद्दल काय काय बोलला यावरून बरने त्याला द्वंद्वाचं आव्हान दिलं आणि ११ जुलै १८०४ ला वीहॉकनला गोळी घातली. ती जागा मी बघून आलो, समोर हडसन नदी आणि पलीकडे मॅनहॅटन, सेल्फी काढणारे बरेच होते.

मॅसॅच्युसेट्समध्ये वेगळा घोळ. तिथे नुसती जास्त मतं मिळून चालायचं नाही, निम्म्याहून जास्त हवीत. नाही मिळाली तर पहिल्या चौघांतून हाउसने (खालच्या सभागृहाने) दोघं निवडायचे आणि त्या दोघांतून सिनेटने एक. १७८५ ला जॉन हॅनकॉकने राजीनामा दिला आणि कोणालाच बहुमत मिळालं नाही, तेव्हा याच वाटेने जेम्स बोडॉइन आला. पुढच्याच वर्षी डॅनियल शेज नावाच्या माणसामागे जमलेल्या शेतकऱ्यांचा उठाव झाला, कर्ज आणि कर यांनी पिचलेली माणसं कोर्टं बंद पाडायला निघाली, बोडॉइनने फौज पाठवून तो मोडला, आणि १७८७ च्या निवडणुकीत लोकांनी त्याला असा काही पाडला की हॅनकॉक परत. मला वाटतं दरवर्षी निवडणूक घेण्याचा एक फायदा हा, राग ताजा असतानाच हिशेब चुकता होतो. तिथलाच मार्कस मॉर्टन, १८२८ पासून जवळपास दरवर्षी उभा राहायचा आणि पडायचा. १८३८ ला सरकारने कायदा केला की १५ गॅलनपेक्षा कमी दारू विकायची नाही, म्हणजे श्रीमंताने पिंप घ्यावं आणि गरिबाने पेला पण नाही. १८३९ ला मॉर्टनला १,०२,०६६ पैकी ५१,०३४ मतं पडली, म्हणजे बहुमताला जेवढी लागतात बरोब्बर तेवढी, एक कमी पडलं असतं तर प्रकरण विधिमंडळात गेलं असतं आणि तिथे तो खलासच होता. माझ्या एका मताने काय होतंय असं म्हणणाऱ्या आमच्या शेजाऱ्यांना मी हा आकडा लिहून दिलाय.

आणि केंटकी! हे सगळ्यात डोकेबाज. १७९२ ला राज्य झालं आणि त्यांनी ठरवलं लोकही नको विधिमंडळही नको, लोकांनी आधी इलेक्टर निवडायचे आणि त्या इलेक्टरांनी गव्हर्नर, जसा देशाचा प्रेसिडेंट निवडतात तसं. पहिल्यांदा आयझॅक शेल्बी आला, काही वाद नाही. १७९६ ला ५३ इलेक्टर बसले, बेंजामिन लोगनला २१ मतं, जेम्स गॅरर्डला १७, थॉमस टॉडला १४ आणि एक जॉन ब्राउनला. आता घटनेत लिहिलेलंच नव्हतं की सगळ्यात जास्त मतवाला जिंकला की निम्म्याहून जास्त लागतात! इलेक्टर म्हणाले बहुमत लागणार, पहिल्या दोघांत परत फेरी घेऊ, आणि टॉडची मतं फिरली, गॅरर्ड गव्हर्नर. लोगन म्हणतो अरे मी पहिला आलो होतो ना! तो राज्याच्या ॲटर्नी जनरलकडे गेला, जॉन ब्रेकिनरिज, त्याने मत दिलं की तुझं म्हणणं मला पटतं पण यात हात घालायचा मला अधिकार नाही. लोगन बसला हात चोळत. लोकांना यातून एवढा वैताग आला की १७९९ ला नवी घटना केली, इलेक्टर रद्द, गव्हर्नर थेट लोकांनी निवडायचा. घटनेत एक ओळ राहिली तर काय होतं बघा, आपल्याकडे कायदे करणाऱ्यांना हे दाखवायला हवं असं क्षणभर वाटलं पण जाऊदे.

न्यू जर्सीत १८०२ ला याहून पुढचं. विधिमंडळात दोन्ही पक्ष समसमान, गव्हर्नरसाठी मतं २६ विरुद्ध २६, कोणी हटायला तयार नाही, शेवटी त्या वर्षी गव्हर्नर निवडलाच नाही! कौन्सिलचे उपाध्यक्ष जॉन लॅम्बर्ट यांनी वर्षभर काम बघितलं. सूर्य पूर्वेलाच उगवत होता म्हणे.

हे सगळं बदललं कधी? हळूहळू, आणि फुकट नाही. सुरुवातीला भीती गव्हर्नरची होती म्हणून विधिमंडळाला जपलं, पुढे लोकांना कळलं की विधिमंडळातले पण काही देवमाणसं नाहीत. डेलावेअरने १७९२ लाच थेट निवडणूक आणली. पश्चिमेकडे जी नवी राज्यं झाली, टेनेसी १७९६, ओहायो १८०३, त्यांनी सुरुवातीपासूनच लोकांना मत दिलं, तरी ओहायोने गव्हर्नरला व्हेटो दिला नाही, कारण आधी तिथला टेरिटरीचा (राज्य होण्याआधी केंद्राच्या ताब्यात असलेल्या प्रदेशाचा) गव्हर्नर आर्थर सेंट क्लेअर व्हेटो मारून मारून सगळ्यांच्या डोक्यात गेला होता. लुइझियानाने १८१२ ला मधलाच मार्ग काढला, लोक मतं देणार पण पहिल्या दोघांतून विधिमंडळ एक निवडणार. जॉर्जियाने तर सगळं करून पाहिलं, आधी असेम्ब्लीने निवडायचा, मग १७८९ च्या घटनेत हाउसने तीन नावं द्यायची आणि सिनेटने एक उचलायचं, मग दोन्ही सभागृहं एकत्र, आणि शेवटी १८२५ ला पहिल्यांदा लोकांनी, त्यात जॉर्ज ट्रूपने जॉन क्लार्कला सातशेहूनही कमी मतांनी हरवलं. आपल्याकडे सरपंच सदस्यांनी निवडायचा की गावाने थेट यावर २०१७ ला एक निर्णय, २०२० ला उलटा, २०२२ ला परत पहिला, तसंच समजा, फक्त तिकडे गाडी सावकाश चालली.

जुन्या दक्षिणी राज्यांत खरं दुखणं वेगळं होतं. तिथल्या विधिमंडळात पूर्वेकडच्या, किनाऱ्याकडच्या बड्या मळेवाल्यांच्या जागा त्यांच्या लोकसंख्येच्या मानाने जास्त होत्या आणि डोंगराकडचे छोटे शेतकरी कायम अल्पमतात. म्हणजे विधिमंडळ गव्हर्नर निवडतं याचा अर्थ मळेवाले निवडतात. नॉर्थ कॅरोलिनात १८३५ ला घटना दुरुस्त झाली, १८३६ ला एडवर्ड डडली हा लोकांनी निवडलेला पहिला गव्हर्नर. मेरीलँडने १८३८ ला थेट निवडणूक आणली पण राज्याचे तीन भाग पाडले आणि पाळीपाळीने एकेका भागातलाच उमेदवार असं ठरवलं, गावच्या जत्रेचा मान वाटून देतात तसं. व्हर्जिनियात १८२९-३० ला मोठी घटना परिषद भरली, मॅडिसन, मनरो, सरन्यायाधीश मार्शल असे म्हातारे दिग्गज त्यात बसलेले, तरी गव्हर्नर लोकांनी निवडू द्यायला परिषद तयार झाली नाही. १८५१ उजाडावं लागलं, आणि पहिल्या थेट निवडणुकीत जिंकला कोण तर अ‍ॅलेगेनी डोंगरांपलीकडचा जोसेफ जॉन्सन, म्हणजे डोंगराकडच्यांनी पंचाहत्तर वर्षांची कसर काढली. न्यू जर्सीने १८४४ च्या घटनेत बदललं. आणि साउथ कॅरोलिना? त्यांनी यादवी युद्ध हरेपर्यंत दाद दिली नाही, तिथे लोकांनी निवडलेला पहिला गव्हर्नर जेम्स ऑर, १८६५ साली. जाहीरनाम्यापासून मोजलं तर ८९ वर्षं.

आता कोणी म्हणेल याचा आपल्याशी काय संबंध, तर एक आहे. हॅमिल्टनने १७८७ ला घटना परिषदेत सुचवलं होतं की राज्यांचे गव्हर्नर केंद्र सरकारनेच नेमावेत आणि त्यांना राज्याचे कायदे अडवता यावेत. तिथे कोणी ते मनावर घेतलं नाही, राजाचे गव्हर्नर नुकतेच घालवले होते ना. आपल्याकडे १९४७ मध्ये संविधान सभेने आधी ठरवलं होतं की प्रांताचा राज्यपाल थेट लोकांनी प्रौढ मताधिकाराने निवडावा, म्हणजे अमेरिकेसारखं, पण मग लोकांनी निवडलेला राज्यपाल आणि लोकांनी निवडलेला मुख्यमंत्री एका म्यानात कसे राहणार या विचाराने १९४९ ला ते बदललं आणि राष्ट्रपतींनी नेमायचं ठरलं. म्हणजे हॅमिल्टनचं जे तिकडे चाललं नाही त्याच्या जवळपासचं इकडे आलं. यासाठीच म्हणतोय की त्यांच्या गव्हर्नरला राज्यपाल लिहू नका, वाचणाऱ्याच्या डोक्यात दोन उलट्या गोष्टींची खिचडी होते.

तेव्हा पुढच्या रविवारी छोटीशी दुरुस्ती छापावी ही विनंती. पत्र लांबलंय याची कल्पना आहे, जागेअभावी कापायचं असेल तर माझ्या मुलीचं आणि जावयांचं कापा, सरपंचाचं पण गेलं तरी चालेल, पण केंटकीच्या लोगनचं तेवढं राहू द्या, तो बिचारा पहिला येऊनही एकदा घरी बसलाय.

कळावे,
आपला एक जुना वाचक, सातारा